अभिरुचीचे ठेकेदार आणि बर्फातली सायकल

गेल्या वर्षी एका विद्यापीठाच्या मराठी विभागाने प्रवासलेखनावर दोन दिवसांचे चर्चासत्र भरवले होते. आम्ही तिघेही हजर होतो. विद्यापीठाचे नाव सांगत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी, भोजनोत्तर सुस्तीच्या सत्रात, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने निबंध वाचला. अलास्कात आणि मिनेसोटात भर हिवाळ्यात माउंटन बाइक चालवणारे हौशी लोक आपापल्या सायकलींच्या बांधणीविषयी आणि बर्फातल्या फेऱ्यांविषयी जे गद्य लिहितात, ते प्रवासलेखन म्हणून वाचता येईल का, असा तिचा प्रश्न होता. निबंध निर्दोष नव्हता. दर दुसऱ्या वाक्यात 'अवकाश' हा शब्द होता, आणि जिथे साध्या निरीक्षणाने भागले असते तिथे दोन फ्रेंच विचारवंत उभे केलेले होते. पण प्रश्न खरा होता.

अध्यक्षमहाशयांनी समारोपात त्या निबंधाचा निकाल तीन वाक्यांत लावला. आशय असा : सायकलीच्या सुट्या भागांची यादी हे वाङ्मय नव्हे, ही परदेशी श्रीमंतांची खेळणी आहेत, त्यांच्याशी आपल्या मातीचा संबंध नाही, आणि या साऱ्यात माणूस कुठे आहे? शेवटी त्यांनी, आता पुढच्या वर्षी पंक्चरवाल्याच्या बिलांवर पीएच.डी. होईल, अशी पुस्ती जोडली. सभागृह हसले. लिहायला संकोच वाटतो, पण आम्हीही हसलो. ती मुलगी कागद गोळा करून जागेवर जाऊन बसली. पुढे तिच्या प्रबंधिकेचा हाच विषय समितीने नाकारला आणि तिला महानगरी कादंबरीसंबंधीचा एक सुरक्षित विषय दिला, असे कळले.

त्या हसण्याचे प्रायश्चित्त म्हणून आम्ही ते लेखन मुळातून वाचायला घेतले. आता आमचे म्हणणे असे आहे की अध्यक्षमहाशय तिन्ही वाक्यांत चुकले होते, आणि त्यांची चूक सायकलीबद्दलची नसून मराठी गद्याबद्दलची आहे.

आधी यादीचे पाहू. ज्या विभागात हा निकाल दिला गेला त्याच विभागात 'स्थानपोथी' शिकवली जाते. चक्रधरस्वामींचे वास्तव्य जिथे जिथे झाले त्या जागांची ती नोंद. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, मढ कुठे, वृक्ष कुठे, कशाच्या कोणत्या बाजूला काय. कथानक नाही, अलंकार नाहीत, 'माणूस' तर जवळजवळ नाहीच. आणि तरीही प्राचीन मराठी गद्याचा अमोल ठेवा म्हणून ती आपण शिकवतो, आणि योग्यच करतो. कारण त्या कोरड्या तपशिलामागे एक धास्ती आहे. स्वामी निघून गेले आहेत, पाहणारे डोळे एकेक करून मिटत आहेत, जागा विसरल्या गेल्या तर सारेच गेले. प्रत्येक दिशानिर्देश त्या धास्तीला दिलेले उत्तर आहे. म्हणजे यादी वाङ्मय असू शकते हे विभागाने तत्त्वतः मान्य केलेलेच आहे. ती सातशे वर्षे जुनी असावी, एवढीच अट दिसते.

आता सायकलीची यादी. २००५ साली मिनेसोटातल्या सर्ली या कंपनीने 'पग्सली' नावाची सायकल बाजारात आणली. पोलादी सांगाडा, ३.७ इंच रुंदीचे टायर, ६५ मिलिमीटर रुंदीच्या रिमा. आपल्या रस्त्यावरच्या सायकलीचा टायर दीड इंचाच्या आसपास असतो, यावरून कल्पना यावी. एवढा जाड टायर बसवला की साखळी त्याला घासणार; म्हणून सांगाड्याचा मागचा भाग साडेसतरा मिलिमीटर एका अंगाला सरकवलेला. इथवर हे अभियांत्रिकीचे झाले. पण पुढच्या चिमट्यातही मागच्याइतकाच रुंद, १३५ मिलिमीटरचा हब बसेल आणि तोही तितकाच सरकवलेला असेल, अशी सोय होती. त्यामुळे पुढचे चाक मागे आणि मागचे पुढे लावता येई. आता हौशी लोकांच्या याद्यांत एक ओळ वारंवार येते : पुढच्या हबवर एकच दातेरी चक्र, फ्रीव्हीलसह. पुढच्या चाकाला साखळी नसते. मग तिथे फ्रीव्हील कशाला?

उत्तर असे की उणे तीस-पस्तीस अंशांत मागच्या हबातले ग्रीस घट्ट होते, आतले खटके चिकटतात आणि पायडल दोन्हीकडे नुसते गरागरा फिरू लागते. सायकल चालत नाही. जवळची वस्ती पन्नास मैलांवर आहे. अशा वेळी दोन्ही चाके काढायची, अदलाबदल करायची, आणि एकाच गिअरवर का होईना, पुढे निघायचे. तेवढ्यासाठी माणूस शेकडो मैल एक निरुपयोगी चक्र पुढच्या चाकावर वागवतो. ही ओळ यादीत आठव्या की नवव्या क्रमांकावर, पायडल आणि सीट यांच्यामध्ये, काहीही न बोलता उभी असते. ज्याला ती वाचता येते त्याला त्या माणसाने मनात पाहिलेली रात्र दिसते. मर्ढेकरांनी 'भावनानिष्ठ समतानता' अशी एक जडजंबाळ संज्ञा आपल्याला देऊन ठेवली आहे. दर वर्षी ती परीक्षेत दहा गुणांना येते. हे उदाहरण त्या उत्तरपत्रिकेत कुणी लिहिले तर परीक्षक काय करतील, याचे आम्हाला कुतूहल आहे.

'यात माणूस कुठे आहे' याचे उत्तर इथेच मिळाले. माणूस त्या फ्रीव्हीलमध्ये आहे. तो 'मी घाबरलो' असे लिहीत नाही, आणि आपल्याला घाबरलेला माणूस 'भीतीची एक थंड लहर अंगातून गेली' असल्या वाक्यातच ओळखू येतो, हा आपल्या शिक्षणाचा दोष.

या प्रकारच्या गद्याला एक पूर्वपीठिका आहे, आणि ती मजेदार आहे. कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात, टॅमलपायस डोंगराच्या परिसरात, १९७० च्या दशकात काही तरुण १९३०-४० च्या काळातल्या जुन्या, वजनदार श्विन सायकली भंगारातून आणून उतारावरून सोडू लागले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी घड्याळ लावून पहिली शर्यत केली. सुमारे दोन मैलांत तेराशे फुटांचा उतार. त्या सायकलींना मागे पायडल मारून लावायचा कोस्टर ब्रेक असे. एका उतारातच हबातले ग्रीस तापून जळून जाई, आणि खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या उताराचे नावच 'रीपॅक' पडले. जागेला डोळ्यांत भरलेल्या सौंदर्यावरून नाव न देता तिथे कराव्या लागणाऱ्या दुरुस्तीवरून नाव देणारी ही मंडळी होती. त्यांच्यातलाच चार्ली केली १९८० पासून सात वर्षे 'फॅट टायर फ्लायर' हे छोटेखानी नियतकालिक चालवत होता. जो ब्रीझ याने १९७७ साली जुन्या सांगाड्यांचा नाद सोडून या उतारासाठी मुद्दाम नवा सांगाडा जोडला. त्याची सायकल आज अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. माउंटन बाइकचा 'जनक' कोण यावर नंतर बरीच हमरीतुमरी झाली. धंदा मोठा झाला की जनकही वाढतात. तो वाद आम्हाला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचे एवढेच की हे लोक बनवत होते आणि बनवता बनवता लिहीत होते, आणि या दोन क्रिया त्यांच्यात वेगळ्या काढता येत नाहीत.

आणि याहून मोठे दोन गद्यकार आहेत, ज्यांची नावे आपल्या विभागांत कुणी ऐकलेली नसतील. जॉब्स्ट ब्रँट या अभियंत्याने १९८१ साली 'द बायसिकल व्हील' हे लहानसे पुस्तक लिहिले. त्यातला एक दावा ऐका. आपण समजतो की चाकाचा मधला हब वरच्या आऱ्यांना टांगलेला असतो, कारण बारीक तार दाबली तर वाकेल, ती भार पेलणार कसा? ब्रँट म्हणतो, चाक खालच्या आऱ्यांवर उभे असते. आरे आधीच एवढ्या ताणाने खेचून बसवलेले असतात की वजन आले की खालच्या दोनचार आऱ्यांचा ताण कमी होतो, बाकीच्यांत जवळपास काही बदलत नाही. आणि कमी होणारा ताण म्हणजेच पेललेला भार. आम्ही हे पान तीनदा वाचले. डोळ्यांना दिसणारे आणि खरे असणारे यांतले अंतर इतक्या कमी शब्दांत, एकही उपमा न देता उलगडणारे गद्य मराठी समीक्षेत अलीकडे कुठे वाचले, हे आठवून पाहतो आहोत. दुसरा शेल्डन ब्राउन. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन गावच्या एका सायकलदुकानात काम करणारा हा गृहस्थ २००८ साली वारला. त्याने सायकलीच्या शब्दांचा एक कोश रचून ठेवला. त्यात पान्ह्यांच्या मापांशेजारी थट्टा आहे, मते आहेत, कुठे कुठे हलकेच काढलेले चिमटे आहेत. म्हणजे कोशकाराचा आवाज आहे. आपल्याकडे कोशाला आवाज असणे हा गुन्हा समजतात.

आता बर्फ. इथे आम्हाला आपल्याच घरातली गोष्ट बोलायची आहे, आणि ती थोडी कडू आहे.

मराठी प्रवासवर्णनांत बर्फ म्हणजे काय असतो? शुभ्र दुलई. कापूस. चादर, बहुधा पांढरीशुभ्र. निसर्गाने केलेली किमया. मनालीला चार दिवस जाऊन आलेला लेखक हे लिहितो तेव्हा आपण समजून घेऊ. पण मिनेसोटात वीस-वीस हिवाळे काढलेली, दाराबाहेरचा बर्फ रोज फावड्याने उपसणारी आपली माणसेही लिहायला बसली की फावडे बाजूला ठेवतात आणि दुलई हातात घेतात. याच मिनेसोटात पग्सली जन्मली. फावड्याच्या दांड्याला हातमोजा कसा चिकटतो हे त्यांना ठाऊक आहे. ते लिहिण्याजोगे आहे, हे त्यांना कुणी सांगितलेले नाही. उलट शाळेपासून निबंधात दुलईलाच गुण मिळत आले.

हिवाळी सायकलस्वाराला दुलई परवडत नाही. त्याच्या लेखी बर्फ कधीच नुसता बर्फ नसतो. स्नोमोबाइल जाऊन दबलेली वाट संध्याकाळी भुसभुशीत असते, रात्रभरच्या थंडीत कण एकमेकांना धरतात, आणि पहाटे तीच वाट चाकाखाली डांबरासारखी लागते. म्हणून तो पहाटेची वाट पाहतो. फार थंडी पडली तर मात्र उलटे होते. उणे तीसच्या खाली बर्फ वाळूसारखा कोरडा होतो, चाकाखाली करकरतो आणि पुढे जाऊ देत नाही. टायरमधली हवा आठ पाउंडांवरून पाचवर आणायची, कधी त्याहीखाली. तिथे हवा मोजायच्या साध्या काट्यावर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून टायरच्या कडेला किती सुरकुत्या पडल्या हे पाहून ठरवायचे. गोठलेल्या नदीवरून जाताना सगळ्यांत मोठी भीती असते ती लपलेल्या पाण्याची. जाड थराच्या भेगांतून वर आलेले पाणी ताज्या बर्फाखाली साचून राहते. वरून काही दिसत नाही. पाय आत गेला की बूट ओला, आणि ओला बूट म्हणजे बोटे जाण्याची तयारी. घाम हाही शत्रूच. चढावर कपडे कमी करायचे आणि मुद्दाम थोडे गारठत राहायचे, कारण घामाने भिजलेला सदरा थांबल्याबरोबर गोठतो. शॉकअप असलेला चिमटा तेल घट्ट झाल्याने लाकूड होतो, म्हणून साधा, कडक चिमटा बरा. हँडलवर हात घालायला जाड अस्तराच्या थैल्या असतात, त्यांना पोगी म्हणतात. त्या असल्या की आत पातळ हातमोज्यावर भागते आणि बोटांनी ब्रेक लावता येतो.

हे सारे आम्ही तांत्रिक माहिती म्हणून सांगत नाही. पाहण्याच्या किती पायऱ्या त्यात आहेत हे दाखवतो आहोत. जूनोमध्ये वर्तमानपत्रात काम करणाऱ्या जिल होमर या बाईंनी २००८ साली इडिटारॉड वाटेवरची मॅकग्राथपर्यंतची ३५० मैलांची शर्यत सायकलवर पुरी केली आणि त्याच वर्षी 'गोस्ट ट्रेल्स' हे पुस्तक लिहिले. पुढच्याच वर्षी त्या पुन्हा उतरल्या, एका तळ्यावर पाय बर्फातून पाण्यात गेला आणि हिमदंशाने त्यांना माघार घ्यावी लागली. असले लेखन वाचताना लक्षात येते की निसर्गवर्णन नावाची वेगळी गोष्ट तिथे शिल्लकच राहिलेली नाही. निसर्ग म्हणजे पुढच्या चाकाखाली या क्षणी काय आहे तो.

आपल्याला हे जमत नाही असे नाही. पावसाच्या बाबतीत मराठीला हे सारे जमते. वळीव वेगळा, झड वेगळी, सर वेगळी, रिपरिप वेगळी, भुरभुर वेगळी. चिखल म्हणावा, राड म्हणावी की रेंदा, हे कोकणातल्या बाईला विचारून पाहा. ती पाय कुठे ठेवायचा हे सांगूनच शब्द देईल. हे शब्द कवींनी घडवले नाहीत. ज्यांना त्या चिखलातून डोक्यावर भारा घेऊन जायचे होते त्यांनी घडवले, आणि कवींनी मागाहून उचलले. बर्फासाठी आपल्याकडे शब्द नाहीत यात लाज काही नाही. शब्द नसताना दुलई अंथरून तो प्रश्न झाकायचा, यात मात्र आहे.

दुसरे वाक्य मातीचे. 'आपल्या मातीशी संबंध नाही.' देशीपणाची ही ढाल आजकाल फार स्वस्त झाली आहे. आम्ही नम्रपणे विचारतो : पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून सांगितले जाई, निम्मा महाराष्ट्र आधी कात्री घालून, मग दांडीवरून, मग सीटवर बसून सायकल शिकला, दूधवाला, पोस्टमन, गिरणीकामगार, शिक्षक सायकलवर आले आणि गेले. एवढ्या मोठ्या व्यवहारातून मराठी कथा-कादंबरीत सायकलीची अचूक भाषा किती आली? सायकल येते. बाल्याचे प्रतीक म्हणून येते, गरिबीचे म्हणून येते, प्रेमप्रकरणात हटकून येते. पण चाक आऊट झालेले कुणी पाहिले आहे का? 'आऊट काढणे' हा मराठी कारागिराचा शब्दप्रयोग आहे. चाक उलटे धरून फिरवायचे, चिमट्याजवळ खडू धरायचा, रिम जिथे घासते तिथल्या आऱ्यांची निपले अर्धा अर्धा आटा सैल-घट्ट करत जायची. 'ओव्हरऑइल' हाही आपलाच. ओव्हरहॉलचे तेलात बुडवून केलेले ते रूप आमच्या मते मूळ इंग्रजीपेक्षा सरस आहे, कारण त्यात सगळी क्रिया आली. छर्रे, कोन, सोल्युशन, पत्र्याच्या डब्यातले काळे पाणी, ट्यूब त्यात बुडवल्यावर बुडबुडा कुठून येतो ते पाहणे. हे सारे पाहणारा माणूस रोज आपल्या रस्त्यावर बसलेला होता. आज त्याची दुकाने कमी झाली आणि त्याची भाषा कुणी लिहून ठेवलेली नाही.

त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला. तो त्यांनी महसुली कामातल्या अनुभवातून लिहिला, आणि बलुतेदारांच्या कामाची, हक्कांची, त्यांच्या शब्दांची नोंद त्यात झाली. त्यांची मते सर्वत्र पटण्याजोगी नाहीत, काही तर मुळीच नाहीत. पण नोंद आहे. गोडसे भटजी दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि सत्तावनच्या धामधुमीत सापडले. त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये रणधुमाळी आहे तशी गंगेच्या कावडीची चिंताही आहे. खांद्यावरच्या ओझ्याचा हिशेब ठेवणारा प्रवासी आपल्याकडे होता. तो पुढे कुठे हरवला? आमचा तर्क असा की तो अभिरुचीच्या नावाखाली घालवला गेला. हाताने काम करणाऱ्याची भाषा 'तांत्रिक' ठरली आणि विशेषणांची भाषा 'ललित'. तेव्हा अध्यक्षमहाशयांच्या पंक्चरवाल्याच्या बिलाच्या विनोदाला आमचे उत्तर असे : हो, व्हावी. ते बिल, त्याच्यावरचे शुद्धलेखन, त्यातली कामांची नावे, यांवर पीएच.डी. व्हावी, आणि ती वीस वर्षांपूर्वी व्हायला हवी होती. त्या विनोदावर हसलो तेव्हा आम्ही नेमके कुणाला हसलो होतो, हे घरी आल्यावर उमगले.

'श्रीमंतांची खेळणी' या आक्षेपात मात्र तथ्य आहे, आणि ते आम्ही लपवणार नाही. या लेखनाचा बराच मोठा भाग म्हणजे रुखवत आहे. नवी कोरी सायकल गॅरेजच्या दारापुढे उभी करून फोटो काढलेला, क्रँक बाराच्या काट्यावर, साखळी मोठ्या चक्रावर, आणि खाली एकेका भागाचे नाव आणि वजन. लग्नघरी भांडी मांडून ठेवतात तसे. ती भांडी कधी चुलीवर चढणार नाहीत हे मांडणाऱ्यांनाही ठाऊक असते. कार्बनचा सांगाडा, कार्बनच्या रिमा, आणि टायरला चिखलाचा ठिपका नाही. अशी यादी स्थानपोथीच्या जातीची नव्हे. दोन्हींतला फरक ओळखायला आम्ही एक ढोबळ कसोटी वापरू लागलो : यादीतली वस्तू काढून टाकली तर लेखकाचे काय बिघडेल, हे यादीतून कळते का? कळत असेल तर ते लेखन, नसेल तर दुकानाची पाटी. हीच कसोटी आम्ही मग हाताशी असलेल्या काही मराठी कवितासंग्रहांतल्या विशेषणांना लावून पाहिली. निकाल इथे देत नाही. मैत्री टिकवायची आहे.

पैशाच्या मुद्द्याचीही दुसरी बाजू आहे. कंपन्या या धंद्यात येण्याआधी हे काम भंगारातून आणि वेल्डिंगच्या कांडीतून चालले होते. १९८७ साली अलास्कात इडिटारॉड वाटेवर सायकलींची शर्यत सुरू झाली तेव्हा लोक नेहमीच्या टायरांवर आले आणि बरीच वाट सायकल ढकलत चालले. मग कुणी दोन रिमा शेजारी शेजारी वेल्ड केल्या. फेअरबँक्सच्या सायमन रॅकोवरने ४४ मिलिमीटर रुंदीची 'स्नोकॅट' रिम काढली. दूर न्यू मेक्सिकोत रे मोलिना नावाचा माणूस वाळूत चालवायला याहून रुंद रिमा आणि टायर बनवत होता. ते वाळूचे टायर अलास्कात गेले आणि बर्फात चालले. पामर गावच्या मार्क ग्रोनवाल्डने त्यांच्याभोवती सांगाडे जोडले. पग्सली या सगळ्याच्या नंतरची आहे. आणि त्याही आधी, १९०० साली, एड जेसन नावाचा माणूस सोन्याच्या बातमीवर डॉसनहून नोमला साध्या सायकलवर गोठलेल्या युकॉनवरून निघाला होता. बेअरिंगमधले तेल गोठणे आणि टायर नळीसारखा कडक होणे त्यालाही चुकले नाही. त्याच वर्षी त्याच वाटेने गेलेल्या मॅक्स हर्शबर्गची साखळी तुटली, तेव्हा त्याने अंगरख्याचे शीड केले आणि वाऱ्यावर सायकल चालवली. ही माणसे श्रीमंत नव्हती. श्रीमंत व्हायला निघालेली होती, हे खरे.

या गद्यावर आमचा स्वतःचा एक आक्षेप आहे, जो अध्यक्षमहाशयांना सुचला नाही, कारण त्यासाठी ते वाचावे लागते. 'निर्मनुष्य' हा या लेखकांचा लाडका शब्द. अफाट, निर्मनुष्य, अस्पर्श प्रदेश. प्रत्यक्षात त्या शर्यतीच्या वाटेवर निकोलाय हे गाव आहे, वरच्या कस्कोक्विम खोऱ्यातल्या अथाबास्कन लोकांचे. थकलेला सायकलस्वार तिथे पोचतो, उबेला बसतो, खातो, आणि दोन ओळींत आभार मानून पुढच्या निर्मनुष्य प्रदेशात निघतो. ज्यांनी टायरमधल्या एका पाउंडाचा फरक लिहून ठेवला, त्यांनी ज्याच्या घरी रात्र काढली त्याची भाषा कोणती हे लिहू नये? नदीवरचे लपलेले पाणी कुठे असते हे पिढ्यानपिढ्या ठाऊक असलेली माणसे तिथे होती. त्यांचे शब्द या याद्यांत अभावानेच दिसतात. ज्या डोळसपणाची आम्ही इतका वेळ तारीफ केली तो चाकापासून हातभर अंतरावर संपतो. त्या मुलीच्या निबंधात हा मुद्दा एका तळटीपेत होता. 'अवकाश' गाळून तिने त्या तळटिपेचा निबंध केला असता तर तो सत्रातला सर्वोत्तम ठरला असता. हे तिला सांगणे मार्गदर्शकाचे काम होते. ते हसण्यात राहून गेले.

तिचा मूळ निबंध आम्ही मागून घेतला आहे, आणि तिच्या संमतीने तो पुढच्या महिन्यात याच पानावर येईल, तळटीप वर आणून. अध्यक्षमहाशयांनी उत्तर लिहिले तर काटछाट न करता छापू. अट एकच. पुढच्या चाकावर फ्रीव्हील का असते, हे त्यांनी उत्तराच्या पहिल्या परिच्छेदात, स्वतःच्या मराठीत, चार वाक्यांत समजावून सांगावे. आम्हाला वर चार वाक्यांत ते जमलेले नाही.